मार्चपर्यंतची मुदत

माझ्याकडे नवा विद्यार्थी मोजणीचा आलेख घेऊन आला, की आलेखाकडे बघण्याआधी मी विचारतो, "जोड कशाचे केलेत?" मुलं माझ्या माघारी याची नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं, सरांची शिस्त. शिस्त कसली. मी एका माणसाची नोकरी, व्हिसा आणि नाव घालवलं, तेव्हापासून जडलेली सवय आहे ही. बरीच वर्षं मी बायकोलाही यातलं अर्धंच सांगितलं होतं.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. पुण्याहून अबू धाबीला येऊन मला तीन वर्षं झाली होती. ज्या संस्थेत शिकवत होतो तिने मला दोन खोल्यांची प्रयोगशाळा दिली होती, आणि एक लॅब इंजिनियर. काम बिस्मथचं. काचेच्या पट्टीवर बिस्मथचा अगदी पातळ थर चढवायचा, तो द्रवरूप हेलियममध्ये सोडून गार करायचा आणि विजेला किती अडथळा होतो ते मोजायचं. त्या गारठ्यात इलेक्ट्रॉन निराळेच वागू लागतात. काही पदार्थांत तर चुंबकाचा जोर वाढवत नेला की अडथळा पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, आणि नमुन्यात कितीही खोट असली तरी पायरीची उंची हलत नाही. त्याचं मूळ टोपोलॉजीत आहे, म्हणजे आकाराच्या अशा गुणांत, जे वाकवून किंवा ताणून बदलत नाहीत. मला या कल्पनेचं वेड होतं. बिस्मथमध्ये असलं काहीतरी आपल्याला सापडेल, या आशेवर मी जगत होतो म्हटलं तरी चालेल.

लॅब इंजिनियर कोल्हापूरचे. माझ्याच वयाचे, डिप्लोमा झालेले, भारतातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं घालवून आलेले. नखाएवढ्या नमुन्यावर सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या तारा, एरवी चांदीच्या पेस्टने, जोडायच्या त्या त्यांनीच. माझा हात थरथरतो. हेलियम आणायला आम्ही दोघं त्यांच्या पिकअपमधून दुबईला जायचो, अल क्वोजच्या एका गोदामात. हेलियमचं भांडं म्हणजे छातीएवढ्या उंचीचा थर्मास. त्याला मागे पट्ट्यांनी बांधून ते ताशी साठच्या वर गाडी नेत नसत. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून हैराण.

"एसी वाढवता का जरा?" मी म्हणायचो.

"नको सर. मागं पाव्हण्याला थंडी वाजंल."

त्यांची मुलगी दहावीला होती, तिथल्या भारतीय शाळेत. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. गाडीत त्यांचं बोलणं फिरून फिरून तिथेच यायचं. "गणितात अडती हो. तुम्ही एकदा बसा की तिला घेऊन." मी दोनतीन शुक्रवार बसलोही. मी मराठीत शिकवायचो, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. "गॉट इट, अंकल." आणि खरंच समजलेलं असायचं.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी ते घडलं. नमुना गार होत होता, आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेन कागदावर सरळ चाललं होतं. तापमान साडेतीन केल्विनच्या जरा खाली आलं आणि पेन खाली घसरलं. अडथळा एकदम कमी. मी किंचितसं चुंबक लावलं तर घसरण नाहीशी. काढलं तर पुन्हा हजर. माझे कान तापले. इलेक्ट्रॉनांच्या लहरी एकमेकींवर पडून असा परिणाम होऊ शकतो, हे मी वाचलेलं होतं. पण इतका ठळक, इतका अचानक कुणी दाखवला नव्हता.

ते शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "तार सैल झालेली दिसते. उद्या बघू."

"तार न्हाई सर. मी सगळं तपासलंय. पण एक सांगायचं होतं, या खेपेला..."

"उद्या बघू म्हटलं ना."

तो कागद मी वर्तमानपत्रात घडी करून घरी नेला. खोटं का बोललो? पुण्यात संशोधन करत असताना माझा एक निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर छापून आला होता, आणि तो बाहेर नेणारा माझ्याच टेबलाशी बसून डबा खाणारा होता. तेव्हापासून शेजारच्या माणसाकडे सरळ बघायची माझी दृष्टी गेलेली. हे समर्थन म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतो.

प्रयोगशाळेत एक जाड रजिस्टर असे. प्रत्येक नमुन्याची तारीख, थराची जाडी, तारा कुठल्या, जोड कशाचे, हे सगळं इंजिनियर त्यात सुवाच्य अक्षरात लिहीत, आणि मी रोज संध्याकाळी ते वाचून सही करीत असे. त्या दिवसापासून मी रजिस्टर उघडणं बंद केलं. घरी स्वतःची वही सुरू केली. रजिस्टर कुणीही चाळू शकतं, महत्त्वाचं काही त्यात नकोच, असा माझा हिशेब. त्यात दुसऱ्याने काय लिहिलंय ते आपण वाचायला हवं, हे डोक्यातच आलं नाही.

एकदा संशय आला की त्याला खाद्य कमी पडत नाही. ते चहा घेऊन माझ्या खोलीत आले की मी कागद पालथे घालू लागलो. टेबलाचा खण किती उघडा ठेवला होता ते बोटाने मोजून ठेवायचो. कॉम्प्युटरचा पासवर्ड आठवड्यातून दोनदा बदलला आणि एकदा स्वतःच विसरलो. तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. एका शुक्रवारी जेवणानंतर सहज म्हणून संस्थेवरून गाडी नेली तर आवारात त्यांची पिकअप. वर गेलो. ते सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले होते.

"आज?"

"ते जोड परत बघतोय सर. ती उतरण परत आली का हो नंतर?"

मी त्यांना 'उतरण' असं काही म्हणालोच नव्हतो. त्यांनी पेनाकडे पाहिलं होतं, एवढा साधा खुलासा मला सुचला नाही. ह्यांना कसं कळलं, हेच डोक्यात घुमत राहिलं.

पुढच्या खेपेला हेलियम आणताना त्यांनी गाडीत पुन्हा विषय काढला. "सर, रागावणार नसाल तर त्या जोडांचं..." मी रेडिओ लावला. मल्याळी बातम्या चालू होत्या, दोघांनाही कळत नव्हत्या. तशाच अबू धाबीपर्यंत ऐकल्या.

घरी मी बायकोला म्हणालो, "माणूस खोदून खोदून विचारतो. काहीतरी आहे."

ती भाजी निवडत होती. "गेल्या उन्हाळ्यात आपण पुण्याला गेलो तेव्हा घराची किल्ली महिनाभर कुणाकडे होती? चमचा तरी हलला का?"

"चमचे कोण नेतंय. तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. तुम्ही त्यांना सरळ विचारा की."

डिसेंबरमध्ये मला पुरावा मिळाला. म्हणजे मला तो पुरावा वाटला. ऑफिसच्या फॅक्स मशिनमधून दर आठवड्याला पाठवलेल्या फॅक्सची यादी निघे. त्यात गुरुवारचा, सुट्टीतला, एक पानाचा फॅक्स होता, भारतातल्या एका प्रयोगशाळेच्या नंबरवर. अतिशीत तापमानावर काम करणारी प्रयोगशाळा. मी त्यांना बोलावलं.

"गुरुवारी फॅक्स केलात?"

"हो सर. माझ्या जुन्या साहेबांना. तुम्हाला सांगणारच होतो."

"काय पाठवलंत?"

"आलेख. हातानं काढलेला. नुसता अंदाज विचारला..."

"माझा आलेख?"

"सर, आधी ऐकून तर घ्या. मी त्यांना एवढंच विचारलं की..."

"खलास," मी म्हणालो. 'बस, संपलं' अशा अर्थाचा तो अरबी शब्द आम्ही सगळे येताजाता वापरायचो, भाजीवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी. त्या दिवशी माझ्याच तोंडून तो मला परका वाटला.  ते गेले.

विभागप्रमुख इजिप्तचे होते, वयस्कर, मवाळ. मी एक पानी तक्रार टाइप करून त्यांच्यापुढे ठेवली. अप्रकाशित निष्कर्ष परवानगीशिवाय बाहेर पाठवले. त्यांनी दोनदा वाचली.

"त्याच्याशी बोललास?"

"बोललो."

"तो काय म्हणाला?"

"कबूल केलं."

"हबीबी, पाठवलं हे कबूल केलं, की चोरलं हे?"

मी म्हणालो, "त्यात काय फरक आहे?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागद फाइलला लावला. इंजिनियरांचा करार डिसेंबरअखेर संपत होता. नूतनीकरण एरवी सहीपुरतं असे. त्या वर्षी सही झाली नाही. व्हिसा रद्द, आणि देश सोडायला तीस दिवस.

ते माझ्या घरी आले, एकटेच. बसले नाहीत. "सर, मला ठेवू नका, ठीक आहे. मी भांडत न्हाई. फक्त मार्चपर्यंत द्या. पोरीचं परीक्षा केंद्र इथलं आहे, फॉर्म इथनं गेलाय. आता तिकडं कोण बसवून घेणार? पीआरओ म्हणतो, तुमचं एक पत्र आलं तर तीन महिने वाढवून मिळतंय."

व्हिसाची कामं बघणारा पीआरओ आमचा चांगला ओळखीचा होता. खरंच तेवढंच लागणार होतं, एक पत्र.

"बघतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

पत्र लिहिलं नाही. तीन महिने प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे राहील, माझा शोधनिबंध अजून छापायचाय, असा विचार केला. अगदी हाच विचार केला, मला लख्ख आठवतो.

जानेवारी उजाडला. त्या वर्षी संक्रांतीला रमजान चालू होता, ऑफिसं दुपारी दोनला बंद. बायकोचं हळदीकुंकू होतं. मी आतल्या खोलीत शोधनिबंधाचं शेवटचं वाचन करत होतो. दार अर्धवट उघडं. बाहेर बायकांचा कलकलाट होता, तो एकाएकी थांबला. इंजिनियरांच्या पत्नी आल्या होत्या. मी तक्रारीची गोष्ट महाराष्ट्र मंडळातल्या एकाच माणसाला सांगितली होती, तीही कुणाला सांगू नका म्हणून. ती त्या हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होती.

"या ना वहिनी," माझ्या बायकोचा आवाज फार मोठा निघाला.

"बसत नाही. सामान बांधायचंय. तुम्ही बोलावलंत म्हणून आले." मग कुणीतरी दुसरीने विचारलं, मुलीच्या शाळेचं काय? त्या म्हणाल्या, "बघू. इकडून पत्र येणार आहे म्हणतात." मी दार लोटून घेतलं.

त्यांचे अकरा दिवस उरले होते तेव्हा फॅक्स आला. ऑफिसच्या शिपायाने माझ्या टेबलावर आणून ठेवला, कारण ज्यांच्या नावे होता ते कामावर नव्हते. जुन्या साहेबांचं उत्तर. परदेशी गेलो होतो म्हणून उशीर झाला, अशी सुरुवात. पुढे चारच ओळी. चांदीची पेस्ट वाळल्यामुळे तुम्ही या खेपेला इंडियम धातूचे जोड केलेत असं लिहिलंय, तर तुमचा अंदाज बरोबर आहे. घसरण बिस्मथची नाही, इंडियमची. ते साधारण त्याच तापमानाला अतिसंवाहक होतं, म्हणजे विजेला अडथळाच उरत नाही, आणि थोड्याशा चुंबकाने त्याचा तो गुण जातो. तुमच्या सरांना सांभाळून सांगा, अशा चुका भल्याभल्यांकडून होतात.

मी उठून रजिस्टर काढलं. नोव्हेंबरमधल्या त्याच दिवसाचं पान. त्यांचं सुवाच्य अक्षर : चांदीची पेस्ट कस्टम्सच्या शेडमध्ये उन्हाने वाळली, बाटलीत खडा झाला आहे, म्हणून इंडियम दाबून जोड केले, ठिपके जरा पसरट झालेत, सरांना विचारणे. खाली माझ्या सहीची जागा रिकामी.

इंडियम केव्हा अतिसंवाहक होतं हे मी वर्गात शिकवलेलं आहे. फळ्यावर लिहिलेलं आहे. पण माझ्या नमुन्यावर इंडियम आहे हेच मला माहीत नव्हतं. आणि चार तारांनी मोजलं की जोडांचा दोष मोजणीत येत नाही, या पाठ्यपुस्तकातल्या भरवशावर मी जोडांचा विचारच केला नव्हता. नमुना नखाएवढा, ठिपके पसरट, तिथे तो भरवसा कसला टिकतो. दुसऱ्या विभागातून चांदीची पेस्ट उसनी आणून मी थरथरत्या हाताने एक नमुना जोडला. दोन दिवस गेले. पेन सरळ चाललं, दीड केल्विनपर्यंत. उतरण नाही.

म्हणजे त्यांचे नऊ दिवस उरले होते. इथून पुढचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या नऊ दिवसांत मी रोज संस्थेत गेलो. पीआरओच्या टेबलासमोरून रोज गेलो. एकदा त्याने स्वतःच विचारलं, "सर, वो लेटर?" मी म्हणालो, "यल्ला, अभी देता हूँ." पत्र लिहायचं म्हणजे कारण लिहावं लागणार. कारण लिहायचं म्हणजे विभागप्रमुखांना सांगावं लागणार, की त्याने काही चोरलं नव्हतं, तो मला माझ्या फजितीतून वाचवू पाहत होता, आणि मी त्याचं एक वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. माझंही नूतनीकरण त्याच वर्षी होतं. नियतकालिकाकडे नुकताच पाठवलेला शोधनिबंध मी तांत्रिक अडचणीचं कारण देऊन मागे घेतला. फॅक्स घडी करून पाकिटात ठेवला. आणि दिवस जाऊ दिले.

ते जायच्या आदल्या दिवशी भेटायला आले, कुटुंबासह. मुलीच्या हातात भूमितीचं पुस्तक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिनियर म्हणाले, "सर, जोड एकदा बघून घ्या, बरं का."

"हो," मी म्हणालो. "बघतो." आणि त्यांच्या हातात खजुराचा डबा दिला.

पुढची आठ वर्षं साधीच गेली. आम्ही अबू धाबीतल्याच खलिफा सिटीत राहायला आलो. माझी बढती झाली. बिस्मथवर मी पुढेही काम केलं, नीट केलं, लोक बरं म्हणतात. मात्र नवा सहायक आला की माझं मन पुन्हा खणाचं माप घेऊ लागतं. आता ज्याचा संशय येतो तो माणूस दुसराच असतो. सहायकाच्या आलेखात काही विलक्षण दिसलं, की मला वाटतं, याने मला काहीतरी सांगितलं असणार आणि मी ऐकलं नसणार.

मग एके दिवशी फोन आला. "अंकल, बाबांनी नंबर दिला. आय ॲम इन दुबई नाऊ." दुबईत एका बांधकाम कंपनीत ती इंजिनियर म्हणून लागली होती. बायकोने आग्रहाने जेवायला बोलावलं. शुक्रवारी दुपारी ती टॅक्सीने आली, सोबत कोल्हापुरी चटणीची बरणी. वडिलांसारखंच रुंद कपाळ.

जेवताना बायकोने विचारलं, "दहावी मग तिकडे दिलीस?"

"नो आंटी. त्या वर्षी बसताच आलं नाही. पुढच्या वर्षी दिली, बोर्ड बदलून. लॉस्ट अ इयर. नो बिग डील." आमटी वाढून घेत ती पुढे म्हणाली, "कॉलेजमध्ये सगळे विचारायचे, एक वर्ष कुठे गेलं? मी सांगायचे, टायफॉइड."

"टायफॉइड कशाला?"

तिने वाटी बाजूला सरकवली. मग मराठीत म्हणाली, "बाबांनी इथे काहीतरी घेतलं होतं ना. शाळेतल्या मुलींना माहीत होतं. मी बाबांना कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही."

माझ्या ताटात भात कालवलेला होता. मी हात धुतले. इतकी वर्षं मी मोजत होतो ते त्यांचे नऊ दिवस आणि तिचं बहुधा बुडालेलं एक वर्ष. तिच्या मनात तिचा बाप आठ वर्षं चोर आहे, हे माझ्या कुठल्याच मोजणीत नव्हतं.

मी सांगितलं. इंडियम, रजिस्टर, फॅक्स, खलास, पत्र, सगळं. इंजिनियर असल्यामुळे तिला जोडांचं चटकन कळलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "हाऊ मेनी डेज वेअर लेफ्ट?"

"अकरा. खात्री करून घेतली तोवर नऊ."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला हे आकडे माहीत नव्हते.

मुलीने मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे ताटाशेजारी ठेवला. "मला नको सांगू. त्यांना सांग," ती म्हणाली. ती माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती.

पलीकडून आवाज आला, "हां बाळ, जेवलीस का?"

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"सर! बोला की. वहिनी बऱ्या आहेत?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. या वेळी वाक्यं नीट येईनात. ते मध्ये बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "साहेबांनी मला पण पत्र टाकलं होतं सर, कोल्हापूरच्या पत्त्यावर. तुमच्याकडं फॅक्स गेल्याचं मला ठाऊक होतं. गावी परतलो त्याच महिन्यात कळलं."

"मग तुम्ही मला कधी..."

"काय म्हणणार? पोरीचं वर्ष तर गेलंच होतं." मग त्यांनी विचारलं, "ती तिथंच आहे का?"

"समोर आहे."

"तिनं ऐकलं हे?"

"आधी तिलाच सांगितलं."

  ते म्हणाले, "तिच्याकडं द्या फोन."

ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, अशा उन्हात तिथे कुणी उभं राहत नाही. आमच्याकडे पाठ करून ती बराच वेळ उभी होती. बायकोने माझं ताट उचललं, मुलीचं झाकून ठेवलं.